दंड, पुष्पिका आणि चार आणे



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी मजुरी, बोनस किंवा तेंदूपानाचा दर यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन. ते साहजिकच आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि रेल्वेच्या प्रवासात. असा मनुष्य ‘लेखनातील दंड आणि फुले’ हा विषय घेऊन उभा राहिला तर श्रोत्यांना थोडा अचंबा वाटणारच. परंतु या विषयाकडे मी पांडित्याच्या वाटेने आलो नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने मला तेथे नेले, आणि ती चूक चार आण्यांची होती.

हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील जंगल-मजुरांच्या जुन्या लढ्यांची एक लहानशी पुस्तिका काढावी असे आम्ही ठरवले. एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत हिशेबाच्या वह्या होत्या. त्यांत बांबू आणि लाकूडतोडीच्या मजुरीचे दर होते. हे दर १९५७ च्या नाणेबदलापूर्वीचे. संघटनेतील एका होतकरू तरुणाने त्या वह्या संगणकावर उतरवल्या, आम्ही वरवर नजर टाकली आणि पुस्तिका छापून घेतली. प्रकाशनाच्या दिवशी पहिली प्रत आम्ही त्या संपात भाग घेतलेल्या एका वृद्ध मजुराच्या हाती दिली. म्हाताऱ्याने चष्मा लावला, दरांच्या पानावर बोट ठेवले, बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, “बाबू, आमचे चार आने कुठं गेले?”

पानावर छापले होते : संपापूर्वीचा रोज १ रुपया, संपानंतरचा रोज १ रुपया. म्हणजे माणसांनी उपाशीपोटी संप केला आणि पदरात काहीच पडले नाही, असे आम्हीच आमच्या पुस्तिकेत लिहून ठेवले होते! मूळ वहीत काय होते ते मी रात्री पुन्हा काढून पाहिले. संपापूर्वीचा आकडा होता १।, आणि संपानंतरचा १॥. ज्या तरुणाने नक्कल केली त्याला पहिला दंड वाक्य संपल्याची खूण वाटला, आणि दुहेरी दंड पोथीतली नक्षी वाटली. त्याने दोन्ही गाळले. त्याचा दोष किती धरावा? त्याच्या शाळेत कोणी त्याला एका दंडाचा अर्थ पाव आणि दोन दंडांचा अर्थ अर्धा असतो हे सांगितलेच नव्हते. सव्वा रुपया आणि दीड रुपया यांतला फरक, म्हणजे एका संपाचे सारे फळ, एका उभ्या रेघेत मावलेले होते.

त्या दिवसापासून ही उभी रेघ माझ्या मागे लागली. तिचा माग काढता काढता जे हाती आले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या जुन्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, त्यांत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. अक्षराला अक्षर लागून ओळ भरत जाई. कागद महाग, शाई घरी खलायची, बोरू स्वतः तासायचा. जागा वाया घालवणे लहियाला परवडणारे नव्हते. अशा दाट लिखाणात वाचणाऱ्याला थारा मिळावा म्हणून काही खुणा लागत. अर्ध्या श्लोकाला एक दंड. पुरा श्लोक किंवा ओवी झाली की दुहेरी दंड, त्यात ओवीचा आकडा आणि पुन्हा दुहेरी दंड. अध्याय संपला की त्या जागी एखादे लहानसे फूल काढीत. त्याला पुष्पिका म्हणत. आणि अध्यायाच्या अखेरीस ‘इति’ म्हणून जो समाप्तीचा मजकूर येतो त्यालाही तेच नाव आहे. काही ठिकाणी दंडांवर गेरूचा हात फिरवलेला असे, म्हणजे वाचकाची नजर चटकन तेथे पोचे. चुकलेले अक्षर हरताळाने झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. राहिलेले अक्षर समासात लिहून ओळीत कावळ्याच्या पावलासारखी खूण करीत, तिला काकपद म्हणत. ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली तर ती भरून काढण्याचीही खूण होती.

म्हणजे पाहा, आज आपण ज्याला शोभा म्हणतो ते मूळचे काम करणारे चिन्ह होते. फूल हे अध्याय संपल्याची वर्दी देत होते. युरोपातही हाच प्रकार दिसतो. रोमन लोकांच्या शिलालेखांत शब्द वेगळे दाखवण्यासाठी आयव्ही वेलीचे पान कोरीत. तेच पान पुढे छापखान्यात आले. व्हेनिसचे विख्यात मुद्रक आल्डस मॅन्युशियस, जे १५१५ मध्ये वारले, त्यांचे नाव आजही त्या पानाला चिकटलेले आहे. शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल पडली तेव्हा पानाचे काम गेले. परंतु पान गेले नाही. ते मथळ्याशेजारी शोभेला बसले. काम सुटलेला जुना नोकर वाड्याच्या देवडीवर बसून राहावा, तसे.

आता हिशेबाच्या वहीकडे वळू. सरकारदरबारी आणि सावकाराच्या पेढीवर मोडी चाले. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका न उचलता लिहीत जाई. विरामचिन्हांची त्याला फारशी फिकीर नसे. मात्र रकमेच्या बाबतीत तो मोठा काटेकोर. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पाव रुपयाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. पूर्वीच्या मुलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असे, त्याला कारण हेच की सारा बाजार चौथाईवर चालत होता. एक रेघ अधिक ओढली की चार आणे वाढले, एक पुसली की कमी झाले. म्हणून शहाणा मनुष्य रक्कम आकड्यात लिहून शिवाय ‘अक्षरी’ही लिही. ही पद्धत धनादेशावर आजही आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, दशांश चिन्ह आले, आणि या रेघांची गरज संपत गेली. ज्यांना त्या वाचता येत होत्या ती पिढी एकेक करून गेली. वह्या मात्र पेट्यांत राहिल्या.

दुसरीकडे छापखान्याने दंडाला निराळ्या रीतीने बाजूला सारले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत आली. ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देण्यात येते. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड कायम ठेवला. मराठी गद्याने पूर्णविरामाचा ठिपका पत्करला. मग मराठीत दंड कोठे उरला? ओवी-अभंगांत, स्तोत्रांत आणि लग्नपत्रिकेच्या माथ्यावर. आमच्या गावच्या ट्रेडल छापखान्यात मी लहानपणी तासन्‌तास उभा राहत असे. खिळे जुळवणाऱ्याच्या केसमध्ये अक्षरांची खणे वेगळी आणि फुलांची, वेलबुट्टीची खणे वेगळी. दुहेरी दंड तो फुलांच्या खणाशेजारून उचली. आमच्या तरुणाला तो नक्षी वाटला यात नवल ते काय! छापखान्याने तर त्याला शंभर वर्षांपूर्वीच नक्षीच्या शेजारी बसवले होते.

आता यंत्राचे युग आले. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त संख्या कळते. ज्याप्रमाणे खाणीत मजुराला टोकन क्रमांक असतो आणि हजेरीच्या खिडकीवर नावाऐवजी तो क्रमांक पाहिला जातो, त्याप्रमाणे प्रत्येक अक्षराला, प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला म्हणजे यंत्र ते ओळखते. अक्षराचे रूप ही निराळी गोष्ट. ते ‘फाँट’ पुरवतो. क्रमांक म्हणजे कामगार आणि फाँट म्हणजे त्याचा गणवेश, असे समजा.

आरंभीच्या काळात आपल्याकडे गणवेशावरच सारा कारभार चालला होता. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे आणि काम भागवायचे. ज्या यंत्रात तो फाँट नसेल तेथे मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. आम्ही एकदा मागण्यांचे निवेदन असे टंकून एका कार्यालयाला धाडले होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले की वाचता येण्याजोगे काहीही मिळालेले नाही. मागण्या अमान्य झाल्या असत्या तर भांडता आले असते. न वाचलेल्या मागण्यांसाठी भांडणार कसे?

यावर उपाय म्हणजे सर्वांनी मिळून एकच क्रमांकपट मानणे. आपल्या देशात १९८८ मध्ये आणि पुढे १९९१ मध्ये ‘इस्की’ नावाचा भारतीय मानक संकेत ठरला. त्यात काटकसर इतकी की अवग्रहाला स्वतंत्र जागाच नव्हती. दंड आणि त्यापुढे नुक्ता असे लिहिले की यंत्राने तो अवग्रह समजायचा. १९९१ मध्येच ‘युनिकोड’ हा जगातील सर्व लिप्यांचा क्रमांकपट प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली गेली. त्यात दंडाला २४०४ आणि दुहेरी दंडाला २४०५ हे क्रमांक मिळाले. ‘रा॰ रा॰’ लिहिताना आपण जे लहान वर्तुळ देत असू त्या लाघवचिन्हालाही जागा मिळाली.

येथे एक निर्णय असा झाला की जो संघटनेच्या माणसाला विशेष आवडावा. दंड प्रत्येक लिपीला वेगळा न देता, २४०४ हा एकच दंड अनेक लिप्यांनी वापरावा असे ठरले. बंगाली, उडिया, गुरुमुखी, तेलुगू, कन्नड या सर्वांत तो चालतो. पुढे आपल्या शेजारची गोंडी भाषा आली. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या लिपीला २०१७ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. आणि आपल्या सीमेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीला २०१८ मध्ये. या दोन्ही लिप्यांची अक्षरे स्वतंत्र, पण दंड तोच, सामाईक. मोडीला २०१४ मध्ये जागा मिळाली. तिला मात्र स्वतःचे दंड, स्वतःचे लाघवचिन्ह आणि ‘हुवा’ नावाचे एक खास चिन्ह देण्यात आले. एका घरातले भाऊ, पण एकाने चूल वेगळी मांडली, असा हा प्रकार.

मग पोथीतले फूल आणि वहीतली रेघ यांचे काय झाले? २००९ साली युनिकोडची जी आवृत्ती निघाली तिने या दोघांनाही एकाच वेळी दारात घेतले. वैदिक पोथ्यांसाठी लागणाऱ्या चिन्हांबरोबर पुष्पिका आली, काकपद आले, ओळीतली जागा भरण्याची खूण आली. पुष्पिकेचा क्रमांक ४३२५६. आणि त्याच आवृत्तीत पाव, अर्धा, पाऊण यांच्या हिशेबी रेघांना त्यांचे स्वतःचे क्रमांक मिळाले : ४३०५६, ४३०५७ आणि ४३०५८. त्यासाठी अंशुमान पांडे या अभ्यासकाने जुने दाखले गोळा करून प्रस्ताव दिला होता; मोडीच्या प्रवेशामागेही त्यांचेच परिश्रम आहेत. म्हणजे डोळ्याला जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन रेघा, एक वाक्य संपवणारी आणि दुसरी चार आणे मोजणारी, यंत्राच्या दृष्टीने आता दोन निराळ्या व्यक्ती आहेत. आमच्या म्हाताऱ्याची तक्रार जगाच्या पाठीवर कोणी तरी आधीच ऐकली होती. आम्हाला पत्ता नव्हता, इतकेच.

परंतु क्रमांक मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मुळीच नाही. कायदा झाला म्हणजे किमान वेतन मिळते काय? अंमल करणारा लागतो. व्यवहारात काय चालते ते पाहा. पुष्कळ लोक दंडाऐवजी इंग्रजी कळफलकावरची उभी रेघ टंकतात. तिचा क्रमांक १२४. दिसायला सारखी, पण यंत्राला ती परकी. कोणी दुहेरी दंडासाठी एकेरी दंड दोनदा टंकतो. छापून आल्यावर कोणाच्या लक्षातही येत नाही; परंतु पुढे कोणी त्या ग्रंथात ‘॥’ शोधू लागला तर यंत्र साफ सांगते की, असे काही नाही. हजेरीपटावर एकाच मजुराचे नाव दोन रीतींनी लिहिले गेले म्हणजे त्याचे अर्धे दिवस बुडतात, त्यातलीच ही गत. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलकावर दंडाची कळ पूर्णविरामाच्या कळीवरच आहे, शिफ्ट दाबली की मिळते. पण हे सांगणारा भेटला पाहिजे.

आणि शोभेचे काय? शोभेला तर आता पूर आला आहे. हर्मान त्साफ या जर्मन अक्षरशिल्पीने १९७८ मध्ये फुले, पाने, तारे यांचा एक संच तयार केला होता. त्यावरून युनिकोडात १९९१ पासून नक्षीचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात आल्डसचे पानही बसले आहे. तुमच्या मुलानातवंडांच्या भ्रमणध्वनीवर नावाच्या दोन्ही बाजूंना मोराच्या पिसाऱ्यासारखे वळणदार कंस पाहिले असतील. ती जावा बेटातील हस्तलिखितांमध्ये मथळ्याभोवती काढावयाची खूण आहे, आणि तीही २००९ च्याच आवृत्तीत आली. जावामधल्या लहियाची खूण चंद्रपूरच्या पोराच्या नावाला शोभा देते आणि आमच्या लहियाची पुष्पिका मात्र कित्येक यंत्रांवर रिकाम्या चौकोनाच्या रूपाने दिसते. कारण फाँट करणाऱ्याने तिचा गणवेश शिवलेलाच नसतो.

शोभेला माझा विरोध नाही. मिरवणुकीच्या झेंड्याला झालर असावीच. परंतु तिची किंमत कोण मोजतो तेही पाहावे. जे अंध बांधव यंत्राकडून मजकूर वाचवून घेतात त्यांना प्रत्येक फुलाचे नाव ऐकावे लागते; सभेच्या सूचनेत आधी दहा फुले आणि मग वेळ, असे झाले की ऐकणारा कंटाळून जातो. साध्या लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७०. त्यांत एक जरी चिन्ह इंग्रजीच्या ठरीव संचाबाहेरचे आले, तर इंग्रजी संदेशालाही ७० चीच मर्यादा लागते. गडचिरोलीच्या आतल्या गावाला, जेथे अजून साध्या फोनवर काम चालते, सभेची वर्दी देताना आम्ही हे हिशेब केलेले आहेत.

यातून मी माझ्यापुरता एक बोध घेतला. कोणते चिन्ह कामाचे आणि कोणते शोभेचे, हे चिन्हाकडे पाहून ठरत नाही; ते कोणाच्या हातात आणि कोणत्या कागदावर आहे यावरून ठरते. पोथीत दोन रेघांनी ओवी संपते, लग्नपत्रिकेत त्या शोभा देतात आणि मजुरीच्या वहीत त्या आठ आणे असतात. नक्कल करणाऱ्याने कागद ओळखल्यावाचून रेघ गाळू नये. आणि आपण वडीलधाऱ्यांनी, आपल्याला जे वाचता येते ते पुढच्याला शिकवल्यावाचून त्याला नक्कल करायला बसवू नये. दोष द्यायचाच तर तो त्या तरुणापेक्षा माझ्याकडे अधिक येतो. कारण माझ्या आजोबांनी मला दिडकी शिकवली होती आणि मी ती त्याला शिकवली नव्हती.

युनिकोडात नवे चिन्ह यावे म्हणून कोणीही अर्ज करू शकतो. अट एवढीच की, ते चिन्ह खरोखर वापरात होते याचे लेखी दाखले जोडले पाहिजेत. हे दाखले कोठे आहेत? ते तुमच्या माळ्यावर आहेत. मालगुजाराच्या कीर्दीत, दुकानाच्या खतावणीत, लाकूडतोडीच्या हजेरीपटात आहेत. बल्लारपूरला कागदाची गिरणी उभी राहिली तेव्हापासून या जंगलातल्या बांबूचा कागद साऱ्या देशात गेला. त्या बांबूवर घाव घालणाऱ्याची मजुरी ज्या वहीत लिहिली ती वही मात्र आपण रद्दीत घालतो. ती घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.

आमच्या पुस्तिकेचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पुन्हा छापण्याइतके पैसे नव्हते. आम्ही लहान चिठ्ठ्या छापल्या आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत हाताने डकवल्या. दीड रुपयाचे चिन्ह लिहिताना मी हट्टाने खऱ्या अर्ध्याचा, म्हणजे ४३०५७ हा क्रमांक घातला. पण छापखान्याच्या यंत्रावर तेथे रिकामा चौकोन उमटला. तेव्हा आम्ही जुन्या कारकुनाची वाट धरली : साधा दुहेरी दंड दिला आणि शेजारी कंसात अक्षरी लिहिले, ‘दीड रुपया’. ती चिठ्ठी लावलेली प्रत घेऊन मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, पुन्हा बोट ठेवले आणि अक्षर न्‌ अक्षर लावून मोठ्याने वाचले. मग पुस्तिका मिटून उशाशी ठेवली आणि सुनेला चहा टाकायला सांगितले.